कलमा बांधणाऱ्या पोरांची परीक्षा घ्या

मा. जिल्हाधिकारी, पांढुर्णा जिल्हा, मध्य प्रदेश यांना सावरगावातून खुले पत्र



आमच्या पोरांची सरकारदरबारी नोंद वर्षातून एकदा हमखास होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, एका काठावर सावरगाव, दुसऱ्यावर पांढुर्णा, आणि दिवस मावळेपर्यंत गोटे. त्या दिवशी जमावबंदीचा आदेश असतो, डॉक्टरांची पथकं असतात, पोलिसांचा बंदोबस्त असतो. रात्री जखमींचा आकडा जाहीर होतो, तो बहुधा शेकड्यात असतो, आणि दुसऱ्या दिवशी नागपूर-भोपाळच्या वर्तमानपत्रांत सावरगावचं नाव छापून येतं. गोटमार बंद करावी की चालू ठेवावी यासाठी हे पत्र नाही. त्यावर भरपूर लिहून झालंय. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊनही पाहिले, गाव बधलं नाही. मला त्याच पोरांबद्दल लिहायचंय, पण नोव्हेंबरातल्या.

नोव्हेंबरात ही पोरं रोपवाटिकेत उकिडवी बसलेली असतात. खिशात कलमाचा चाकू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डोळकाड्या, तोंडात प्लॅस्टिकच्या पट्टीचं टोक. आपला जिल्हा संत्र्याचा. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींत बगीचा नसलेलं गाव शोधावं लागेल, आणि पलीकडे वरुड, काटोल, नरखेडपर्यंत हाच पट्टा पसरलेला आहे. त्या पट्ट्यातली प्रत्येक कलम कुणीतरी हाताने बांधलेली असते. यंत्राने हे काम होत नाही.

हे काम आपण पाहिलं असेलच, तरी थोडं तपशिलाने सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आधी जंभेरीचं बी पेरून खुंट वाढवायचा. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की नागपुरी संत्र्याच्या निवडक झाडावरून डोळकाडी आणायची. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टीसारखा छेद द्यायचा, चाकूच्या बोथट टोकाने साल जराशी उकलायची, ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवायचा आणि डोळ्याचं तोंड मोकळं ठेवून पट्टी बांधायची. ऐकायला सोपं आहे. पण डोळकाडी जून झाली असेल, सालीखालचा ओला थर खरवडला गेला असेल, पट्टी सैल राहिली असेल, तर डोळा काळा पडतो. सराईत पोरगा सालीचा रंग बघूनच म्हणतो की आज हे रोप साल सोडणार नाही, पाणी द्या, दोन दिवसांनी येतो. हे त्याला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही. काकाने, मामाने, नाहीतर शेंदुरजना घाटच्या एखाद्या रोपवाटिकेत हंगामभर राबताना शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने शिकवलं.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेरून दिसतच नाही. डोळा जमिनीपासून किती उंचीवर बसवायचा? जाणकार सांगतात, २५ ते ३० सेंटिमीटर. कारण फायटोफ्थोरा ही बुरशी मातीत असते, पावसाच्या थेंबांबरोबर चिखल उडतो, जोड खाली असेल तर बुरशी तिथे शिरते आणि झाडाला डिंक्या लागतो. पण खुंट खाली जाड असतो, तिथे डोळा पटकन बसतो. मजुरी नगावर. घाईतला पोरगा चार बोटं खाली बांधतो, रोप विकलं जातं, बगिच्यात लागतं, पाचव्या-सहाव्या वर्षी बहर धरायची वेळ येते तेव्हा बुंध्यातून डिंक गळायला लागतो. शेतकरी पाण्याला दोष देतो, खताला देतो, नशिबाला देतो. कलम कुणी बांधली हे तोवर कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. शाळेबाहेर शिकलेल्या पोरांना मान्यता द्या असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारी नापास मुलं, त्यांनाही एखादा कागद मिळू दे. मी दयेचा अर्ज करत नाहीये. ज्याच्या हाताला काम येतं आणि ज्याच्या हाताला येत नाही, त्यांच्यातला फरक आज रोप विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला कळण्याची सोय नाही. दोघांकडेही कागद नाही, दोघांची मजुरी तीच. नीट बांधणाऱ्याला नीट बांधल्याचं काही मिळत नसेल, तर तो किती वर्षं नीट बांधील?

आता सरकारी योजनांकडे येतो. आपल्याला त्या माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, पण त्या सावरगावातून कशा दिसतात तेही एकदा पाहावं.

दहावी-बारावीत नापास झालेल्यांसाठी मध्य प्रदेशात २०१६ पासून 'रुक जाना नहीं' आहे. योजना चांगलीच आहे, कित्येकांचं वर्ष तिने वाचवलं. पण ती पोराला काय येत नाही तेच पुन्हा एकदा विचारते. काय येतं हे विचारायची सोय तिच्यात नाही. २०२३ मध्ये 'मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना' आली. शिकता शिकता महिन्याला आठ ते दहा हजारांचं मानधन. पण आत यायला किमान बारावी किंवा आयटीआय हवं. म्हणजे दहावीला अडकलेला आणि सात वर्षं कलमा बांधणारा पोरगा दाराबाहेरच. त्याच वर्षी सप्टेंबरात 'पीएम विश्वकर्मा' सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी असे अठरा व्यवसाय, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, कमी व्याजाचं कर्ज. हात बघून माणूस ओळखणारी योजना, मला मनापासून आवडली. त्या अठरांत माळा गुंफणारे आहेत, होड्या बांधणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारे आहेत. आहेत ते बरोबरच आहेत. संत्र्याची कलम बांधणारा नाही.

राहता राहिली ती पूर्वज्ञानाच्या मान्यतेची सोय, सरकारी भाषेत आरपीएल. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ च्या डिसेंबरात अधिसूचित झाला. त्यातच हे तत्त्व आहे की माणूस कुठे शिकला याला महत्त्व नाही, त्याला काय करता येतं याला आहे. पुढे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल हा वेगळा भागच झाला. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने तर अनुभवाचेही गुण खात्यात जमा करता येतील असं म्हटलं. तीस तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट, वर्षाला चाळीस. म्हणजे कायदा आणि कागद आमच्या बाजूने आहेत. शेती कौशल्य परिषदेकडे माळीकाम, सूक्ष्म सिंचन अशा कामांची मानकंही आहेत.

मग अडतं कुठे? जे मी पाहतो ते असं. आरपीएलची शिबिरं भरतात तेव्हा बारा तासांची ओळख होते, त्यात सहा तास विषयाचे, बाकी बोलणं-चालणं आणि परीक्षा कशी असते याची माहिती. मग बाहेरून आलेला मूल्यमापक प्रश्न विचारतो, टॅबलेटवर खुणा होतात, फोटो निघतो. मध्यंतरी पास झालेल्याला पाचशे रुपयेही मिळत. शिबिर घेणाऱ्याला माणशी पैसे मिळतात, त्यामुळे त्याला माणसं हवी असतात, हात कसा आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. असा कागद सगळ्यांनाच मिळतो, आणि जो कागद सगळ्यांनाच मिळतो तो रोपवाटिकेचा मालक बघतसुद्धा नाही. मला विचाराल तर खोट्या मान्यतेपेक्षा मान्यता नसलेली बरी. निदान पोराचं नाव तरी त्याच्या कामावर चालतं.

शिक्षणाला हाताच्या कामाशी जोडणं पूर्वी वेगळ्या तऱ्हेने करून पाहिलेलं आहे, आणि आपल्याच मुलखात. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, हाताच्या कामातून शिकवायची नई तालीम तिथे मांडली गेली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली. त्या वेळी आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा आणि वर्धा एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी त्याच सुमारास विद्यामंदिर योजना आणली. दान मिळालेली जमीन शाळेला जोडायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. योजना टिकली नाही, त्याची कारणं बरीच होती, काही राजकीयही. १९५६ मध्ये प्रांत तुटला, विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. पण शेत आणि शाळा यांच्यामध्ये भिंत नको, हा विचार या मातीत कधीकाळी सरकारी फाइलीत होता, एवढं सांगायला हरकत नाही.

त्याहून उपयोगाचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं आहे. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएचडी करून आलेले आणि मोठ्या कंपनीत संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात येऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं घ्यायची, वर्षभर ठेवायची, आणि त्यांच्याकडून खरी कामं करून घ्यायची. वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, पशुपालन, माती-पाणी तपासणी. कामं खरी म्हणजे गिऱ्हाईक गावातलं, पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे. गेट वाकडं झालं तर गावकरी परत घेऊन येणार. हीच परीक्षा. त्यांच्या ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने मान्यता दिली. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. पाबळमध्ये जे जमलं त्याचं मर्म मला एवढंच दिसतं की कागद शेवटी आला. आधी काम, मग गिऱ्हाइकाची पावती, मग कागद.

युरोपात हाच विचार वेगळ्या अंगाने चालू आहे. २००७ पासून तिथे स्वयंसेवी कामात, युवा शिबिरांत भाग घेणाऱ्या मुलांना यूथपास नावाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यात मुलगा स्वतःच लिहितो की तो काय शिकला. फ्रान्सने २००२ मध्ये कायदाच केला, की कामाच्या अनुभवाची तपासणी करून त्यावर पदवीसुद्धा मिळवता यावी. आपल्याकडे यूथपाससारखं काही जसंच्या तसं आणावं असं मी म्हणणार नाही. आमच्या पोराला 'तू काय शिकलास ते लिही' म्हटलं तर तो कागदाकडे बघत बसेल आणि शेवटी 'काही नाही' लिहील. शाळेने त्याला तेच शिकवलंय. त्याला विचारायचं असेल तर हातात चाकू देऊन विचारा.

आणि कलमा हा एक धंदा झाला. बगिच्याचा सौदा कसा होतो ते पाहा. व्यापारी येतो, पोरगा त्याच्याबरोबर ओळींमधून फिरतो, मान वर करून झाडं बघतो आणि आकडा सांगतो, इतकी फळं, इतकी लहान, इतकी गळतीला जाणारी. दिल्लीच्या व्यापाऱ्याशी हिंदीत, मालकाशी मराठीत. चुकला तर हंगामाचा नफा जातो. आंबिया बहर धरायला पाणी केव्हा तोडायचं, झाड किती सुकू द्यायचं, ताण केव्हा सोडायचा हे ठरवणारेही विशी-बाविशीतले असतात. ठिबकच्या नळ्या दुरुस्त करणारे, जळालेली मोटार बांधून देणारे. आणि मुली. त्यांचं तर कुणी बोलतच नाही. फळांची प्रतवारी त्यांच्याकडे असते. डाग, आकार, देठ बघून हात आपोआप फळ त्या त्या ढिगात टाकतो. बचत गटाचं हिशेबाचं वहीखातं कित्येक घरांत सासूच्या नावावर असतं आणि लिहिते सून किंवा लेक, तीही आठवी-नववीत शाळा सुटलेली. बँकेत जाऊन कर्जाच्या हप्त्यावर व्यवस्थापकाशी भांडते. ही हिशेबाची परीक्षा नाही तर काय आहे?

आता मागणं. पांढुर्णा २०२३ च्या ऑक्टोबरात जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या कपाटात जुन्या फाइली कमी असतात, हा एक फायदा आहे. जिल्हा कौशल्य समितीचं अध्यक्षपद आपल्याकडे असतं. त्या समितीने येत्या हंगामात संत्रा कलम बांधणीची एकच परीक्षा घ्यावी, एकाच ठिकाणी, थोड्या पोरांची. सभागृहात नको, रोपवाटिकेत. तोंडी प्रश्न मराठीत विचारता येतील असा माणूस हवा. पोरांना हिंदी येते, पण डोळ्याला डोळा, खुंटाला खुंट आणि डिंक्याला डिंक्या म्हणणाऱ्यालाच ते नीट उत्तर देतील. परीक्षक दोन असावेत. एक नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतला किंवा छिंदवाड्याच्या चंदनगावच्या कृषी विज्ञान केंद्रातला जाणता, आणि दुसरा इथलाच, आयुष्यभर कलमा बांधलेला म्हातारा. त्याच्याकडे पदवी नसली तरी चालेल. त्याला मानधन मात्र बाहेरच्या परीक्षकाइतकंच द्यावं. नाहीतर हातापेक्षा कागदाची किंमत जास्त, हेच आपण पुन्हा सांगू.

निकाल त्याच दिवशी लावू नये, हे माझं सगळ्यात आग्रहाचं मागणं आहे. प्रत्येकाने पन्नास कलमा बांधाव्यात, वाफ्यावर त्याचा क्रमांक लावावा, आणि तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडून किती डोळे धरले ते मोजावं. उंची मोजपट्टीने मोजावी. शिबिर घेणाऱ्यांना हा उशीर परवडणार नाही, त्यांचं वेळापत्रक दिवसांत चालतं. डोळा आपल्या वेळेने धरतो, त्याला काही इलाज नाही. प्रमाणपत्रावर 'उत्तीर्ण' एवढंच न लिहिता, किती बांधल्या, किती धरल्या, किती उंचीवर, हे आकडे छापावेत. रोपवाटिकेचा मालक तो कागद वाचील, कारण त्यात त्याला हवी असलेली माहिती असेल.

जो पास होईल त्याला तिथून पुढे वाट हवी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून माध्यमिक परीक्षा चौदा वर्षांपुढच्या कुणालाही देता येते. कलमेचे क्रेडिट तिथे जमा होतील का, हे आपल्या कार्यालयाने विचारून घ्यावं. एका पोराने विचारलं तर उत्तर यायला वर्ष जाईल. दुसरी वाट मला जास्त जवळची वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, ज्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे काम शिकावं. ते दहा दिवस आपल्या जिल्ह्यातल्या शाळांनी रोपवाटिकेत काढले आणि शिकवायला त्याच परीक्षेत पास झालेला पोरगा उभा राहिला, तर? ज्या शाळेतून तो नापास होऊन बाहेर पडला तिथे मुलं त्याला सर म्हणतील. यासाठी नवा कायदा लागत नाही, मुख्याध्यापकांना एक पत्र लागतं.

एक भीतीही बोलून दाखवतो. उद्या हा कागद चालायला लागला की कुणीतरी म्हणेल, कागद असेल त्यालाच रोपवाटिकेत घेऊ. मग ज्या म्हाताऱ्याने हे शिकवलं तोच बाहेर बसेल, आणि मुलीही, कारण त्यांना परीक्षेला पाठवायला घरचे तयार होत नाहीत. कागद हा जास्त मजुरीचा दावा सांगायला असावा, दार बंद करायला नसावा. आदेशात हे एका ओळीत लिहिलं तर बरं. आणि प्रतवारी व वहीखात्याची परीक्षा मुलींसाठी वेगळ्या दिवशी, गावातच, बचत गटाच्या बैठकीच्या वेळेला धरून ठेवली तर त्या येतील. कलमेच्या परीक्षेलाही काही जणी येतील. कलमा बांधणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, फक्त त्यांची मजुरी नवऱ्याच्या नावाने मांडलेली असते.

खर्चाचं म्हणाल तर फार नाही. जागा आणि जंभेरीची रोपं देण्याबद्दल इथल्या रोपवाटिकावाल्यांशी मी बोलून ठेवतो. धरलेल्या कलमा शेवटी त्यांनाच मिळणार असल्याने ते नाही म्हणणार नाहीत. परीक्षकांचं मानधन, संशोधन संस्थेला पत्र आणि प्रमाणपत्रावर छापायच्या रकान्यांचा नमुना एवढं आपल्याकडून हवं. डोळे भरण्याचं काम थंडीबरोबर सुरू होतं, म्हणून नमुना दसऱ्यापर्यंत ठरला तर वाफे राखून ठेवता येतील.

आपला,
एक सावरगावकर